परवचा, पाटी आणि गृहपाठ : धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासातील घर व शाळा

जून महिना उजाडला, नव्या वह्यांना खाकी वेष्टणे चढली, की पालकांचे एक गाऱ्हाणे आमच्या कानी हमखास येते. "फादर, पोराचा अभ्यास घ्यावा असे फार वाटते, पण त्याची पुस्तके आम्हांला कळत नाहीत. मग घरी आम्ही काय करावयाचे?" पुढचे वाक्यही ठरलेले असते, "म्हणून शिकवणी लावली." शिकवणीचे पैसे भरले की आपले कर्तव्य संपले, असे मानणाऱ्यांतले हे पालक नव्हेत. त्यांना खरोखरच काही करावयाचे असते. पण आपल्या हाती काही उरलेले नाही अशी त्यांची समजूत झालेली असते.

या प्रश्नाचे उत्तर मानसशास्त्राच्या पुस्तकांत शोधण्याची हल्ली रीत आहे. तीत गैर काही नाही. आम्ही मात्र येथे ते इतिहासात शोधू पाहतो, आणि तेही एकाच जिल्ह्याच्या. तो जिल्हा धाराशिव. आपल्या समाजातील पुष्कळ वाचकांनी या जिल्ह्याकडे प्रथम लक्ष दिले ते १० ते १२ जानेवारी २०२० या दिवसांत. त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले होते आणि अध्यक्षपदी आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. पाठीच्या दुखण्याने त्रस्त असतानाही ते चाकाच्या खुर्चीवरून तेथवर गेले. गावाचे सरकारी नाव तेव्हा उस्मानाबाद होते. २०२३ पासून ते धाराशिव झाले. फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी आपल्यातून गेले. संमेलनानिमित्त त्या जिल्ह्याविषयी पुष्कळ लिहिले गेले, त्यात तेरचे गोरोबाकाका होते, तुळजापूर होते, नळदुर्गचा किल्ला होता. तेथील घरांनी मुलांच्या शिक्षणासाठी काय केले, याविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही.

जुन्या काळापासून आरंभ करू. गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या. पंतोजीला धान्य मिळे, सणाला शिधा मिळे. धुळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवावयाची, मग मोडी वळण, मग हिशेब. या शाळेचे वर्णन आपल्याकडे बहुधा छडीपाशी येऊन संपते. पण तिचा अर्धा भाग घरी चाले, तो दिवेलागणीला. तिन्हीसांजा झाल्या, दिवा लागला, की मुले ओसरीवर मांडी घालून परवचा म्हणावयास बसत. एकापासून तीसापर्यंत पाढे. त्यानंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. त्यानंतर वार, तिथी, महिने, नक्षत्रे. समोर आजोबा बसलेले असत किंवा चुलीपाशी आजी. आजीला अक्षर ओळखू येत नसे. पण पोराचे पाऊणकीत कोठे घसरले हे तिला तात्काळ कळे, कारण म्हणण्याची चाल मोडे. चाल मोडली की ती तेथूनच ओरडे, "पुन्हा म्हण."

या अपूर्णांकांच्या पाढ्यांचे प्रयोजन आजच्या मुलांना समजणे कठीण आहे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे बारा पै. धान्य पायलीने आणि अधोलीने मोजावयाचे. त्यात निजामाच्या मुलखात हाली सिक्का चाले आणि शेजारच्या सोलापूर-बार्शीकडे इंग्रजांचा कलदार. आठवड्याच्या बाजाराला निघालेल्या शेतकऱ्याला पावकी-निमकी येत नसेल तर तो लुबाडला जाई. म्हणजे मुलगा जे पाठ करीत होता, ते बापाच्या रोजच्या व्यवहारातले होते. बाप निरक्षर असला तरी त्या विषयात अडाणी नव्हता. घराला शाळेला मदत करता येत होती ती यामुळे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, मागोमाग किलो आणि लिटर आले, आणि पाऊणकी-औटकी हळूहळू ओसरीवरून उठून गेली. तिच्यासाठी आम्ही अश्रू ढाळणार नाही. घोकंपट्टीचे तोटे आम्ही सेमिनरीत लॅटिन शिकताना पुरेपूर अनुभवले आहेत.

शिवाय त्या काळाचे गोडवे गाण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ही ओसरी फारच थोड्या घरांना होती. ब्राह्मण, वाणी, कुळकर्णी-देशमुखांची घरे एवढाच तिचा परीघ. ज्यांना गावकुसाबाहेर राहावे लागे त्यांच्या मुलांना पंतोजीच्या पायरीवरही जागा नसे, आणि मुलींचा परवचा बहुधा भावाच्या मागे बसून कानांनी ऐकण्यापुरताच असे. मुक्तीनंतर झालेल्या १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यातील साक्षर माणसे शेकडा दहाही भरली नाहीत. परवच्याच्या आठवणी लिहिणारे त्या दहांतले आहेत. उरलेल्या नव्वदांनी काही लिहून ठेवलेले नाही.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे वळू. हैदराबाद संस्थानात कारभाराची भाषा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फार्सी होती, पुढे उर्दू झाली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, आणि तेथे उच्च शिक्षणही उर्दूतून देण्याची व्यवस्था झाली. भारतीय भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. वैद्यक आणि शास्त्रे उर्दूत आणण्यासाठी तेथील भाषांतर विभागाने केलेले काम आजही थक्क करते. परंतु मराठवाड्यातील मराठी कुटुंबाच्या दृष्टीने पाहिले तर त्याचा अर्थ वेगळा होता. खालच्या इयत्तांत मराठीला काही वाव असे. पुढे शिकावयाचे, नोकरी मिळवावयाची, तर उर्दूवाचून गत्यंतर नव्हते. कळंबचा, भूमचा, परंड्याचा मुलगा गणित, इतिहास, भूगोल सारे उर्दूतून शिके. त्याच्या आईला ती भाषा येत नसे. बापाला कचेरीत ऐकून चार शब्द ठाऊक असत, पण लिपी वाचता येत नसे. मुलाने घरी मोठ्याने धडा वाचला तर घरातल्या कोणालाच तो बरोबर की चूक हे सांगता येत नव्हते. उर्दू ही परकी किंवा वाईट भाषा होती म्हणून हे झाले असे नाही. ज्यांच्या घरी ती बोलली जाई त्यांच्या मुलांना तिने सुबत्ता दिली. बाकीच्यांच्या घरांना तिने अभ्यासाच्या खोलीबाहेर उभे केले.

ऐपत असलेल्यांनी त्यावर एक तोड काढली. संस्थानची हद्द ओलांडून मुलांना सोलापूर, बार्शी किंवा पुण्यास मराठी शाळेत धाडावयाचे. दहा-बारा वर्षांचा पोर वळकटी घेऊन परगावी जाई, कोणा नातलगाच्या माडीवर झोपे आणि वार लावून जेवे, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. जेवू घालणाऱ्या घरांना त्या मुलाच्या अभ्यासातले काही कळत असेल-नसेल. पण त्याला ताट वाढणे हाही त्याच्या विद्येतील वाटा आहे असे ती घरे मानीत. अर्थात या ताटांनाही जातीची मर्यादा होती.

दुसरी तोड मराठवाड्यातच निघाली, आणि तिचे एक ठिकाण धाराशिव जिल्ह्यातच आहे. आजच्या लोहारा तालुक्यात हिप्परगा नावाचे गाव आहे. १९२१ साली, असहकाराच्या चळवळीच्या ऐन भरात, व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी तेथे राष्ट्रीय शाळा काढली. संस्थानात खासगी शाळा काढावयाची म्हणजे परवानगीचा ससेमिरा. शाळेत काय शिकवतात यावर पोलिसांची नजर. अशा शाळेत १९२९ च्या सुमारास मुख्याध्यापक म्हणून एक तरुण आले. नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. शिक्षण सोलापूर आणि अमळनेर येथे झालेले. मजुरांचे पुढारी ना. म. जोशी यांचे सहायक म्हणून काही काळ काम केलेले. प्रकृती बिघडल्यामुळे ते काम सोडावे लागलेले. हिप्परग्यास असतानाच १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून त्यांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. तत्पूर्वी अनेक वर्षे ते खेड्यातल्या पोरांना शिकवणारे मास्तर होते, हे मात्र पुष्कळांच्या विस्मरणात गेले आहे.

हिप्परग्याची शाळा गुरुकुलाच्या धर्तीची होती. तेथे मराठीतून शिकवीत. मुले शिक्षकांच्या सहवासात राहत, सूत कातीत, पहाटे उठत. प्रश्न असा, की त्या मुलांच्या आईबापांनी नेमके काय केले? वरवर पाहता काहीच नाही. मुलगा शाळेच्या स्वाधीन केला एवढेच. पण राष्ट्रीय शाळेच्या दाखल्याला सरकारी नोकरीच्या बाजारात मोल नव्हते. मुलगा पेशकार होणार नाही, तहसीलदार होणार नाही, उलट त्याच्यामागे फौजदार लागण्याचा संभव अधिक, हे समजून ज्यांनी मुलाला तेथे ठेवले, त्यांनी शिक्षण कशासाठी या प्रश्नाचे आपल्यापुरते उत्तर दिले होते. त्यांपैकी बहुतेकांना ते शब्दांत सांगता आले नसते. स्वामीजी १९३५ साली अंबाजोगाईला योगेश्वरी विद्यालयात गेले, आणि पुढचा इतिहास मोठ्या रस्त्याने चालू लागला. हिप्परगा मागे राहिले.

याच जिल्ह्यातील कसबे तडवळे या गावी फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. महार-मांग वतनदारांच्या परिषदेसाठी त्यांनी तेथे मुक्काम केला, आणि तो मुक्काम गावच्या शाळेत होता. परिषद वतनाविषयीची, शिक्षणाविषयीची नव्हे. तरी आमच्या विषयाच्या दृष्टीने त्या शाळेत उतरलेल्या पाहुण्याचे बालपण स्मरणे अगत्याचे आहे. त्यांचे वडील रामजी सुभेदार लष्करातील शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर ते मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत राहत. त्याच खोलीत स्वयंपाक, माणसे, सरपण, सारे काही. मुलाला अभ्यासाला जागा नव्हती, शांतता नव्हती. रामजींनी काय करावे? ते मुलाला संध्याकाळी लवकर झोपवीत आणि स्वतः जागे राहून रात्री दोन वाजता उठवीत. चाळ निजलेली असे, तेव्हा दिव्याच्या उजेडात भीमराव वाचीत बसे. पुस्तकांसाठी पैसे कमी पडले तेव्हा ते विवाहित मुलींकडे गेले, आणि त्या बहिणींनी आपले दागिने गहाण टाकावयास काढून दिले. सुभेदार स्वतः शिकलेले होते, इंग्रजीही शिकवू शकत होते. त्यांनी शिकवलेले धडे अनेक बापांना शिकवता येणार नाहीत. परंतु एका खोलीच्या घरात रात्री दोनला अभ्यासाची खोली निर्माण करणे हे निरक्षर माणसालाही करता येते. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादेस काढलेल्या मिलिंद महाविद्यालयात मराठवाड्याच्या खेड्यांतून जी पहिली पिढी आली, तिच्या घरी पुस्तक शिरल्याची ती बहुधा पहिलीच वेळ होती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले आणि शाळेची भाषा घराच्या भाषेशी पुन्हा जुळली. पुढचा भाग वाचकांच्या ओळखीचा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या. मारुतीच्या देवळात, चावडीत, पडवीत एकशिक्षकी शाळा भरू लागल्या. १९६७ साली बालभारती स्थापन झाली आणि राज्यभर एकसारखी पाठ्यपुस्तके घरोघर गेली. कित्येक घरांत ते एकमेव पुस्तक होते. थोरल्याचे पुस्तक धाकट्याला, धाकट्याचे शेजारच्या पोराला निम्म्या किमतीत. असे एकेक पुस्तक चार-चार मुलांच्या हातून गेले. रॉकेलच्या चिमणीपुढे मुलगा कविता म्हणत असे आणि आई भाकरी थापताना ऐकत असे. आईची कविता त्याच्याआधी पाठ होई. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटी मारून मडके कच्चे की पक्के हे ओळखल्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. मडके कशाचे बनले आहे याची चर्चा त्यांनी केली नाही, आवाज ऐकला. त्या पिढीतील आयांना ही परीक्षा जमली होती.

मग १९७२ चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, जनावरे विकली गेली, आणि घरेच्या घरे खडी फोडावयास दुष्काळी कामांवर गेली. आईबाप दोघेही कामावर म्हटल्यावर धाकट्याला सांभाळावयास कोणी तरी हवे, आणि ते कोणी तरी म्हणजे बहुधा थोरली मुलगी. तिचे नाव हजेरीपटावरून असे गळाले की पुन्हा चढले नाही. आज आजी झालेल्या कित्येक स्त्रिया आपले शिक्षण सांगताना "तिसरीपर्यंत, मग दुष्काळ पडला" एवढेच सांगतात. मुलाचा अभ्यास घेणे म्हणजे काय, याचा विचार करताना ही मुलगी आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. तिला कोणी पाढे शिकवावयाची गरज नव्हती. तिच्या कडेवरचे मूल कोणी तरी घ्यावयास हवे होते.

आता घरांविषयी. येथे 'घर' हा शब्द अगदी दगडमातीच्या अर्थाने घेत आहोत. या भागातील जुनी घरे माळवदाची. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर मातीचा जड थर. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. पण खिडक्या जवळजवळ नाहीतच. उजेड यावयाचा तो छताला ठेवलेल्या साण्यातून. दुपारी साण्यातून उन्हाचा एक चौकोन जमिनीवर पडे आणि मुले त्या चौकोनाबरोबर सरकत सरकत अभ्यास करीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाहून परतलेली माणसे गाढ झोपेत असताना, हीच माळवदे त्यांच्या अंगावर कोसळली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे क्षणार्धात ढिगारा झाली. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. भूकंप फार मोठ्या तीव्रतेचा होता असे नाही. भिंतींनी माणसे मारली.

त्या सकाळी शेकडो मुलांना आईबाप उरले नाहीत. त्यांच्या शिक्षणाचे काय, हा प्रश्न मदतीच्या ट्रकांइतकाच तातडीचा होता आणि त्याला दोन उत्तरे मिळाली. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे बाराशे मुलांना पुण्यास नेले आणि त्यांच्या राहण्या-शिकण्याची व्यवस्था केली. दुसरे उत्तर जिल्ह्यातच राहिले. नळदुर्गजवळ राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी, त्यांत पन्नालाल सुराणा प्रमुख, 'आपलं घर' उभे केले. बाराशे मुलांना एकदम सामावून घेण्याची ताकद पुण्यातच होती, हे खरे. तरीही 'आपलं घर' या नावात आम्हांला अधिक शहाणपण दिसते. त्यांनी त्याला वसतिगृह म्हटले नाही, अनाथालय तर नाहीच. मुलांनी आपल्याच मुलखात राहावे, तिथल्याच शाळेत जावे, आणि शाळेतून परतल्यावर "आज काय झालं?" असे विचारणारे कोणी दारात असावे, ही त्यामागची दृष्टी. भूकंपग्रस्त मुले मोठी होऊन निघून गेली तरी ते घर बंद झाले नाही. निराधार आणि गरीब कुटुंबांतील मुले तेथे येत राहिली.

उद्‌ध्वस्त गावे नव्या जागी वसली. सरळ रस्ते, सिमेंटची घरे, दोन्ही बाजूंनी खिडक्या. अभ्यासाला उजेड आला. पण जुन्या वाड्यात चुलता, चुलती, आजी एका अंगणात होती, ती आता तीन गल्ल्यांत तीन घरांत विखुरली. माळवदाचे कौतुक करणे क्रूरपणाचे होईल. एवढेच म्हणावयाचे, की ज्या आजीने पाढा ऐकावयाचा ती पलीकडच्या गल्लीत गेली.

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये दिल्लीत प्रा. यशपाल यांच्या समितीने 'ओझ्याविना शिक्षण' हा आपला अहवाल सरकारला दिला होता. लेखक आर. के. नारायण यांनी राज्यसभेत मुलांच्या दप्तराच्या ओझ्याविषयी केलेले भाषण गाजले होते, त्यानंतरचे हे पाऊल. लहान मुलांना घरी गृहपाठाखाली दडपू नये, हा त्या समितीचा एक आग्रह होता. २०२० च्या दप्तरविषयक धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठ नकोच असे म्हटले आहे. या शिफारशी पालकांपर्यंत पोचल्या असे आम्हांला दिसत नाही. बालवाडीतल्या मुलाची वही कोरी दिसली तर शाळा बदलण्याची भाषा करणारे पालक आम्ही पाहतो.

जिल्ह्याच्या उत्तर-पश्चिमेकडे, भूम, वाशी, कळंब, परंडा या बालाघाटाच्या पट्ट्यात, प्रश्न दप्तराचा नाही, वर्षाच्या आकाराचा आहे. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता; मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात, कारखान्याच्या परिसरात कोपी घालावयाची आणि उन्हाळा लागेतो तोड करावयाची. मूल बरोबर नेले तर शाळेचे अर्धे वर्ष बुडते. मागे ठेवले तर त्याला कोण पाहणार? कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही कागदावर राहिल्या. पुढे गावातच हंगामी वसतिगृहाची सोय झाली. मूल गावच्या शाळेत राहते, दोन वेळचे जेवण मिळते. झोपावयास ते बहुधा आजीकडे जाते. या मुलांच्या आईबापांना कोणी बेपर्वा म्हणत असेल तर त्याने एकदा त्यांच्या निघण्याचा दिवस पाहावा. मुलाला मागे ठेवून जाणे हीच तेथे त्याच्या अभ्यासाला केलेली मदत असते.

साहित्य संमेलनाचा मांडव उतरून जेमतेम दोन महिने झाले तोच, मार्च २०२० मध्ये, राज्यातील साऱ्या शाळा बंद झाल्या. उस्मानाबाद हा देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत २०१८ पासून होताच, म्हणजे मागे राहिलेला जिल्हा असा सरकारी शिक्का त्याच्यावर होता. "शाळा बंद, शिक्षण सुरू" अशी घोषणा झाली, पण ते शिक्षण एका मोबाइलवर आले, आणि मोबाइल बापाबरोबर शेतात गेला. त्या वर्षी 'प्रथम' संस्थेने ग्रामीण भारतात केलेल्या 'असर' पाहणीत मात्र एक अनपेक्षित गोष्ट आढळली. सुमारे तीन-चतुर्थांश मुलांना घरातल्या कोणाची ना कोणाची अभ्यासात मदत होत होती. ज्या घरांत आईबाप प्राथमिकच्या पुढे शिकलेले नाहीत, तेथेही निम्म्याहून अधिक मुलांना. मदत करणारे कोण? पुष्कळ ठिकाणी थोरली भावंडे. शाळा होती तेव्हा या मदतीची नोंद कोणी घेतली नव्हती.

२०२२ साली राज्याच्या शिक्षण खात्याने 'पहिले पाऊल' या नावाने शाळापूर्व तयारीची मोहीम काढली, ती या अनुभवावर. गल्लीतल्या चार-पाच आयांचा एक गट, त्यांतली एक प्रमुख. हातात चित्रांची कार्डे. घरातल्याच डाळी-कडधान्यांनी मोजणी, कपड्यांच्या घड्यांनी आकार, भाज्यांच्या नावांनी अक्षरे. जमेल ते घरी करून घ्यावयाचे आणि आठवड्याला एकत्र बसून बोलावयाचे. सगळ्या गावांत हे सारखे चालले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण पाऊणकी-दिडकीला जे जमले होते ते येथे पुन्हा जमू शकते, कारण घरात जे आहे त्यातूनच शाळेचे काम करावयाचे आहे, आणि ते आईच्या भाषेत आहे.

भाषेचा हा धागा आम्ही मुद्दाम शेवटाकडे राखला आहे. निजामाच्या राज्यात घराला अभ्यासाबाहेर काढले ते फर्मानाने. आज तेच काम आपण स्वखुशीने, वर देणगी मोजून, करीत आहोत. तालुक्याच्या गावांतूनही इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या धावतात, आणि ख्रिस्ती संस्थांनी चालविलेल्या शाळा याला अपवाद नाहीत. इंग्रजी मुलांना यावी, चांगली यावी, याविषयी आमचे दुमत नाही. गरिबाच्या मुलाने तिची हाव धरली तर त्याला हसण्याचा अधिकार इंग्रजी शिकून पुढे गेलेल्यांना नाही. पण पहिली-दुसरीतल्या मुलाचा धडा त्याच्या आईला वाचता येत नसेल, तर त्या घरातील चूल, शेत, बाजार, आजीच्या गोष्टी हे सारे त्याच्या अभ्यासाच्या दृष्टीने निरुपयोगी होऊन बसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले आहे. पहिल्या शिक्षकाला वर्गात येण्याची सोयच नसेल, तर दुसऱ्याने किती करावे?

ही सोय कायद्याने थोडीफार केली आहे, तीही पालकांनी वापरावी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. पालकांच्या नियमित सभा घेणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरविले आहे. सभेला जाणाऱ्याने मुलाचे गुण विचारावे, ते ठीकच. त्याआधी आपली अडचण सांगावी, की ऊस लागला की आम्ही चार महिने नसतो, घरी म्हातारी एकटी असते, रात्री आठनंतर वीज जाते. या गोष्टी शिक्षकाला ठाऊक नसतात आणि गृहपाठ त्या गृहीत धरून दिला जात नाही. वाशी-भूमच्या पट्ट्यात समितीच्या सभा टोळ्या निघण्यापूर्वी घ्याव्या लागतात. त्यानंतर घेतल्या तर सभासदच गावात नसतात.